आडवा पडलेला लोच आणि काचेवरच्या येरझारा

वाचकाचे पत्र

माझ्याकडे माशांचा तीन फुटी टँक आहे (९० × ३८ × ४५ सेंमी). आठ महिन्यांपासून त्यात तीन झेब्रा लोच (तळाशी राहणारे पट्टेरी मासे) आहेत, सोबत आठ गप्पी आणि दोन एंजल. तळाला निळी-पांढरी रंगीत खडी, मध्ये प्लॅस्टिकचा किल्ला, मागे हँगिंग फिल्टर. लाइट सकाळी आठ ते रात्री आठ. सकाळी एकदा फ्लेक्स (तरंगणारे खाणे) टाकतो. लोच दुपारी कुशीवर आडवे पडलेले असतात. आई दर वेळी म्हणते, "अरे, मेला बघ." रात्री टँकमधून टिक टिक असा आवाज येतो. दोघे एकमेकांभोवती गरगर फिरतात आणि तेव्हा त्यांचे पट्टे फिके पडतात. एक जण उजव्या कोपऱ्यात काचेला तोंड लावून तासन् तास वर-खाली करतो. मागच्या आठवड्यात एक दोन दिवस गायब होता, शेवटी फिल्टरच्या डब्यात जिवंत सापडला. हे आजारी आहेत की कंटाळले आहेत? त्यांच्यासाठी काय करू? घरचे म्हणतात, जमत नसेल तर पंचगंगेत सोडून दे.

— कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर

तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टींपैकी तीन तर लोचच्या रोजच्या जगण्यातल्याच आहेत. चौथी, म्हणजे फिल्टरमध्ये शिरणे, हा अपघात होता आणि तो शंभर रुपयांच्या आत टाळता येतो. कोपऱ्यातल्या येरझारा मात्र गंभीरपणे घ्या. त्या आजाराच्या असतीलच असे नाही, पण मासा सुखात असता तर तासन् तास तेच करत बसला नसता.

आधी आईंची काळजी मिटवू. झेब्रा लोच आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे योयो लोच, क्लाउन लोच वगैरे, कुशीवर पडून झोपतात. काही दगडाला टेकून तिरके उभे राहतात, काही पाइपात एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे पडतात, एखादा चक्क उलटा अडकून निवांत असतो. क्लाउन लोच नव्याने पाळणाऱ्या कितीतरी लोकांनी असा झोपलेला मासा मेला समजून जाळीत उचलला आहे आणि तो जाळीतच जागा झाला आहे.

झोप आणि आजार यांतला फरक तीन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण कल्ले. झोपलेल्याचे कल्ले संथ आणि एका लयीत हलतात, आजाऱ्याचे भराभर उघडझाप करतात किंवा एकाच बाजूचे हलतात. सगळे ठीक असताना दोन-चार दिवस, मासे निवांत असताना, १५ सेकंदांत कल्ले किती वेळा हलतात ते मोजून वहीत लिहून ठेवा. शंका येईल त्या दिवशी तुलनेला हाच आकडा उपयोगी पडतो, पुस्तकातला नव्हे. दुसरे ठिकाण पोट. वरून पाहिले तर निरोगी लोच डोक्यामागे भरलेला आणि शेपटीकडे निमुळता होत जाणारा दिसतो. डोके मोठे आणि पाठ सुरीच्या धारेसारखी दिसत असेल, पोट आत गेले असेल, तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणजे बहुधा पोटात जंत आहेत. नदीतून पकडून आणलेल्या लोचमध्ये हे वारंवार आढळते. त्यावर लेव्हामिसोल हे औषध वापरतात, पण त्याची मात्रा माशांचे काम करणाऱ्या पशुवैद्याकडून टँकच्या लिटरवर ठरवून घ्या, अंदाजाने टाकू नका. तिसरी गोष्ट म्हणजे जाग. काचेजवळ हात नेल्यावर झोपलेला लोच क्षणात सरळ होतो, आजारी पडूनच राहतो.

टिक टिक आवाजही त्यांचाच. लोचच्या घशात दात असतात. खाताना, विशेषतः गोगलगाय खाताना, किंवा जागेवरून भांडताना हे मासे काचेबाहेर ऐकू येईल असा टिचकीसारखा आवाज काढतात. रात्री तो जास्त येतो, कारण ते तेव्हाच खऱ्या अर्थाने जागे असतात. याची काळजी सोडा.

गरगर फिरणे आणि फिके पडणे म्हणजे मानपानाची कुस्ती. लोचच्या टोळीत एक पुढारी असतो, बहुतेक वेळा सर्वांत मोठी मादी. दोघांना एकच जागा हवी असली की ते अंगाला अंग लावून शेजारी शेजारी पोहतात, एकमेकांना रेटतात, आणि त्या काही मिनिटांत त्यांचे पट्टे धुरकट होतात. भांडण संपले की रंग परततो. अर्ध्या तासाने दोघांचे रंग जागेवर असतील आणि पर फाटलेले नसतील तर मध्ये पडू नका. एकाच माशाचा दिवसभर पाठलाग होत असेल, तो वर हीटरमागे लपून राहत असेल, खायलाही येत नसेल, तर ती कुस्ती उरली नाही, तो छळ झाला. तीनच लोच असलेल्या टँकमध्ये हा छळ ठरल्यासारखा येतो. दोघे जमतात आणि तिसरा मार खातो. लोच पाच-सहा असतील तर पुढाऱ्याचा राग वाटला जातो, एकावर साचत नाही.

म्हणून येरझारांचे पहिले कारण संख्या असू शकते. पण त्याआधी पाणी तपासा, कारण खराब पाण्यातला लोचही असाच काचेवर वर-खाली करतो. दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट बघा. दोन्ही शून्य हवेत. नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा खाली असावे, ४० च्या पुढे गेले तर पाणी बदलण्यात कमी पडतोय असे समजा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसले तर त्याच दिवशी ४० टक्के पाणी बदला आणि दोन दिवस खाणे थांबवा. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन आधी मिसळा, नंतर ते टँकमध्ये ओता. महापालिकेच्या नळाच्या पाण्यातले क्लोरीन लोचच्या कल्ल्यांना लगेच झोंबते.

सगळेच लोच एकदम बेचैन होऊन पृष्ठभागावर तोंड काढत असतील तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडला आहे. एअर पंप लावा, पृष्ठभाग हलता ठेवा. एखादाच मासा मधूनच वर येऊन हवेचा घोट घेऊन गेला तर ते वेगळे. काही लोच आतड्यातूनही हवेतला ऑक्सिजन घेतात. युरोपातल्या वेदर लोचला 'हवामानाचा मासा' हे नाव पडले तेच वादळापूर्वी हवेचा दाब उतरला की तो अस्वस्थ होतो म्हणून. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी तुमचे मासे थोडे जास्त धावले तर आधी बाहेर आभाळ बघा, मग टेस्ट किट काढा.

पाणी चांगले निघाले तर येरझारांचे कारण टँकच्या मांडणीत आहे. तुमचा टँक लोचच्या नजरेने बघा. झेब्रा लोच हा सह्याद्रीचाच मासा आहे, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटात कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांत राहणारा. १९२० साली सी. आर. नारायण राव यांनी त्याला बोटिया स्ट्रायटा हे शास्त्रीय नाव दिले. तिथे त्याला वाहते पाणी, गोट्यांखालच्या फटी, पाचोळा, वाळू आणि वरून झाडांची सावली मिळते. तुमच्याकडे त्याला बारा तास उजेड, रंगीत खडी, एक पोकळ किल्ला आणि सकाळी वर तरंगणारे खाणे मिळते. शोधायला काही नाही, लपायला नेमकी जागा नाही, उकरायला तळ नाही. मग उरतो काचेचा कोपरा आणि त्यातले स्वतःचेच प्रतिबिंब. ते प्रतिबिंब आजच घालवता येईल. टँकच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून काळा किंवा गडद तपकिरी कागद चिकटवा. एवढ्यानेही काही दिवसांत फरक दिसतो.

तळ

सर्वांत मोठा बदल खडीचा. लोचच्या तोंडाभोवतीच्या मिशा हे त्याचे नाक आणि बोटे, दोन्ही आहेत. टोकदार खडीत त्या झिजतात, तिथे जखम होते, जंतुसंसर्ग होतो, आणि मासा तळ उकरणे सोडून देतो. रंगीत खडीच्या फटीत अडकलेले फ्लेक्स कुजतात ते वेगळेच.

वाळू हवी ती जाड रव्याएवढ्या दाण्याची आणि गोल कडांची. बांधकामासाठी मिळणारी एम-सँड घेऊ नका. ती दगड फोडून केलेली असते, तिचे दाणे धारदार असतात. समुद्राची वाळूही नको, त्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होत जाते. जलतरण तलावांच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू सर्वांत सोयीची. तुमच्या टँकच्या तळाला ४ सेंमी थर द्यायला साधारण २० ते २२ किलो लागेल. त्याहून जाड थर देऊ नका, खालच्या वाळूत हवा पोहोचत नाही आणि कुजके वायू साठतात. बादलीत दोन-दोन किलो घेऊन, हाताने ढवळत, वरचे पाणी नितळ येईपर्यंत धुवा. आठ-दहा पाणी लागतात, कंटाळा करू नका.

खडी एका दिवसात काढू नका. पाण्यातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरइतकेच त्या खडीवरही राहतात. ती सगळी एकदम गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अमोनिया चढतो आणि लोच सर्वांत आधी आजारी पडतो. तळाचे तीन भाग करा. दर आठवड्याला एक भाग, पाणी बदलतानाच, जाड नळीने खडी ओढून काढा आणि तिथे वाळू भरा. तीनही आठवडे फिल्टरचा स्पंज धुवायचा नाही. वाळू सोडताना बूड कापलेली एक लिटरची बाटली उलटी धरा, तोंड तळाजवळ ठेवा आणि वरून ओल्या वाळूची मूठ मूठ सोडा. पाणी फारसे गढूळ होत नाही. फिल्टर त्या वेळी अर्धा तास बंद ठेवा, म्हणजे वाळू मोटरीत जाणार नाही.

पण वाळूच्या आधी दगड. हा क्रम चुकला तर नुकसान होते. लोच दगडाच्या बुडाखालची वाळू उकरतात, वाळूवर ठेवलेला दगड कलंडतो आणि खालचा मासा चिरडतो, नाहीतर काच तडकते. म्हणून तळाच्या काचेवर पातळ अॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर दगड, आणि मग त्याच्या भोवती वाळू. आपल्याकडचे काळे गोल गोटे उत्तम, एकूण दहा-बारा किलोपुरते. काळ्या दगडात पांढऱ्या शिरा असतील तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर शीर चुन्याची आहे, तो दगड बाजूला ठेवा. दगड घासून, गरम पाणी ओतून घ्यावा, गॅसवर उकळू नये. आत ओल असलेला दगड फुटतो. जांभा घेऊ नका, झिजतो आणि कडा बोचतात.

बिळे

लोचला मोठी गुहा आवडत नाही. तुमच्या किल्ल्यात ते जात नसतील, आणि गेले तर अडकतील. त्यांना अंग चहूबाजूंनी टेकेल अशी घट्ट जागा हवी असते. तुमचा लोच फिल्टरच्या डब्यात गेला तो नेमका तसली जागा शोधत.

पीव्हीसी पाइप हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी बीळ. ३२ आणि ४० मिलिमीटरचे पाइप घ्या, १२ सेंमीचे तुकडे कापा, दोन्ही तोंडांच्या कडा आधी कानशीने आणि मग पॉलिश पेपरने बोटाला टोचणार नाहीत इतक्या गुळगुळीत करा. सहा तुकडे आडवे रचून अॅक्वेरियम सिलिकॉनने एकमेकांना चिकटवा: खाली तीन, वर दोन, त्यावर एक. बुरशीनाशक घातलेले बाथरूमचे सिलिकॉन विषारी असते, डबीवर तसे लिहिलेले असेल तर घेऊ नका. चिकटवल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे किमान ४८ तास, बाहेर ठेवा. पांढरा पाइप डोळ्यांना खटकत असेल तर बाहेरून सिलिकॉनचा पातळ हात देऊन ओला असतानाच वाळूत लोळवा. पीव्हीसी पाण्यापेक्षा जड असते, आपोआप बुडते.

भोकांचा एकच नियम पाळा. भोक एकतर मासा सहज वळू शकेल इतके मोठे, नाहीतर त्याचे डोकेही शिरणार नाही इतके लहान. मधल्या मापाची भोके जीव घेतात. शोभेच्या किल्ल्यातल्या खिडक्या नेमक्या याच मापाच्या असतात, म्हणून तो काढाच. लोचच्या डोळ्याखाली दुभंगलेला काटा असतो. घाबरला की तो काटा बाहेर काढतो आणि मग अरुंद भोकातून मागे येता येत नाही. याच काट्यामुळे लोच जाळीने धरू नये. काटा जाळीत रुततो, सोडवताना डोळ्याला इजा होते. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा पुढे धरा आणि हाताने हळूच हाकला. पिशवीतून नेताना दुहेरी पिशवी घ्या.

बिळांत विविधता असू द्या. नारळाची करवंटी तारेच्या काथ्याने घासून, वीस मिनिटे उकळून, दोन-तीन पाणी बदलून भिजवा, कडेला दोन विरुद्ध बाजूंनी ४ सेंमीची तोंडे कापा आणि पालथी ठेवा. बिनरंगाची मातीची छोटी कुंडी आडवी घातली तरी चालते. एकूण बिळे माशांच्या दुप्पट असावीत, आणि प्रत्येकाला दोन तोंडे असावीत. एकच तोंड असलेल्या बिळात पुढारी दारात बसतो आणि आतल्याला बाहेर येऊ देत नाही.

पाचोळ्यासाठी कोल्हापुरात कुठेही मिळणारी देशी बदामाची पाने वापरा. झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण तपकिरी, वाळलेली; रस्त्याकडेची नकोत, धूर बसलेला असतो. धुऊन, एक दिवस पाण्यात ठेवून टाका. सव्वाशे लिटरला पाच पाने पुरतात. पाणी चहासारखे किंचित तांबूस होईल, ते चांगलेच. लोच पानांखाली शिरतात, उलथतात, खाली साचलेले बारीक जीव शोधतात. जाळी झाली की पाने काढून नवी टाका. अनुबियास आणि जावा फर्न या वनस्पती दगडाला दोऱ्याने बांधून ठेवा. मुळांची झाडे लावाल तर ती उपटली जातील, आणि मऊ पानांना ते भोके पाडतात.

प्रवाह आणि उजेड

हँगिंग फिल्टर एकट्याने पुरत नाही. तासाला ८०० ते १००० लिटर फेकणारा छोटा पॉवरहेड (पाणी ढकलणारा पंप) टँकच्या एका टोकाला, वाळूपासून आठ-दहा सेंमी वर, लांबीच्या दिशेने लावा. वाहत्या पाण्यात लोच प्रवाहाच्या उलट पोहतात, रांग धरतात. हा बदल ज्यांनी पाहिला नाही त्यांना प्रवाहात हे मासे किती वेगळे वाटतात ते कळणार नाही. दुसरे टोक दगडांआड शांत ठेवा, म्हणजे दमलेला मासा तिथे जाईल. पॉवरहेड आणि फिल्टर, दोन्हींच्या ओढणाऱ्या तोंडाला जाड स्पंजची टोपी घट्ट बसवा, आणि फिल्टरचे पाणी पडते तिथली फट जाळीने बंद करा. टँकवर झाकण हवेच. नळ्या-वायरींसाठी सोडलेल्या फटीसुद्धा स्पंजने भरा, लोच त्यातून उडी मारतात.

लाइट सात-आठ तासांवर आणा आणि टायमर लावा. सालविनियासारखी तरंगती वनस्पती पृष्ठभागाच्या तिसऱ्या हिश्श्यावर राहू द्या.

थंडीत कोल्हापुरात टँकचे पाणी २० पर्यंत उतरते, म्हणून १०० ते १५० वॅटचा हीटर २४ अंशांवर ठेवा. झेब्रा लोचला २२ ते २६ अंश मानवते. हीटरला प्लॅस्टिकचे कवच घाला, नाहीतर लोच त्याच्या मागे अंग चोरून बसतात आणि भाजतात. उन्हाळ्यात झाकण थोडे तिरके करून त्यावर जाळी ठेवा आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात.

खाणे शोधायला लावा

सकाळचे फ्लेक्स गप्पी आणि एंजल वरच्या वर संपवतात. लोचचे खाणे लाइट गेल्यावर अर्ध्या तासाने, आणि तळाशी. बुडणाऱ्या पेलेट्स हे रोजचे अन्न, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढेच. त्याखेरीज आठवड्यातून तीन-चारदा असे काही द्या, जे त्यांना शोधावे लागेल.

सिरिंजचा खेळ सर्वांत सोपा. २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या, तोंडाला एअर पंपाची नळी लावा. वितळवलेले फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) तिच्यात ओढा आणि नळीचे टोक वाळूत दोन सेंमी खुपसून पाच-सहा ठिकाणी थोडे थोडे सोडा. मासे तासभर वाळू फुंकत राहतात. दर वेळी जागा बदला.

दुसरे म्हणजे खाऊची नळी. ३२ मिलिमीटर पाइपचा दहा सेंमी तुकडा, दोन्ही टोकांना टोपण, अंगभर ६ मिलिमीटरची दहा-बारा भोके. आत पेलेट्स किंवा मटाराचे साल काढलेले दाणे. पाण्यात लोटत, चोखत, एकेक तुकडा बाहेर काढत ते त्यावर काम करतात. दोन तासांत उरलेले काढून टाका, विसरलात तर सकाळी पाणी पांढुरके झालेले दिसेल.

गोगलगायी हे लोचचे आवडते. पाच लिटरच्या बरणीत रॅमशॉर्न गोगलगायी वाढवा, काकडीची चकती खायला द्या, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. आठवड्यातून दोनदा चार-पाच लहान गोगलगायी टँकमध्ये सोडा. सकाळी रिकामे शंख दिसतील, आणि त्या रात्री टिक टिकही जास्त येईल. ओढ्यातल्या, शेततळ्यातल्या गोगलगायी आणू नका, त्यांच्यातून परजीवी आणि कीटकनाशके येतात. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक तांबडे किडे) याच कारणासाठी टाळा, ते सांडपाण्यात वाढतात. त्याऐवजी घराच्या कुंडीतला, खत-औषध न घातलेल्या मातीतला लहान गांडूळ धुऊन, बारीक चिरून दिला तर अधिक चांगला. वाफवलेली काकडी किंवा दुधीची चकती दगडाखाली दाबून रात्री ठेवा, सकाळी काढा. आठवड्यातून एक दिवस उपास.

मांडणी अधूनमधून बदलावी, पण एका वेळी एकच गोष्ट. एखादा दगड, एखादे बीळ. सगळे एकदम हलवले तर मासे आठवडाभर बिथरतात.

नवे लोच

टँक तयार झाल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी, आणखी तीन झेब्रा लोच एकदमच सोडा. योयो लोच मिसळू नका. तो १३-१५ सेंमीपर्यंत वाढतो, झेब्रा ८-९ वर थांबतो, आणि तुमचे मासे दबून राहतील. विकत घेताना दुकानदाराला खाणे टाकायला सांगा. पोट आत गेलेला, कोपऱ्यात एकटा असलेला घेऊ नका. झेब्रा लोच हा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे, आणि तरीही शोभेच्या माशांच्या व्यापारात तो मोठ्या संख्येने जात आला आहे. टँकमध्ये वाढवलेले मिळत असतील तर तेच मागा, आणि आणलेला प्रत्येक मासा वर्षानुवर्षे जगेल अशी तयारी झाल्यावरच आणा.

नवे मासे चार आठवडे वेगळ्या ४० लिटरच्या टबात ठेवा. स्पंज फिल्टर, हीटर, पाइपांचे तुकडे, बस. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार सर्वांत आधी लोचवर येतो, आणि बारीक खवल्यांमुळे औषधही त्यांनाच जास्त बाधते. ठिपके दिसले तर तापमान दिवसाला दीड-दोन अंशांनी वाढवत ३० वर न्या, एअर पंप जोरात ठेवा, रोज तळ ओढून पाणी बदला, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही दहा दिवस तसेच चालू ठेवा. तांब्याची औषधे नकोत. मॅलाकाइट ग्रीन वापरावेच लागले तर डबीवरच्या निम्म्या मात्रेने.

गप्पी आणि एंजल या प्रवाहात फार खूश राहणार नाहीत. जमेल तेव्हा ते दुसऱ्या टँकला द्या आणि वर आठ-दहा झेब्रा डॅनिओ किंवा रोझी बार्ब ठेवा. वरचे मासे निर्धास्त फिरताना दिसले की लोच दिवसाही बाहेर येतात.

पंचगंगेत मात्र सोडू नका. मासा मूळचा याच खोऱ्याचा असला तरी आठ महिने तो परदेशी माशांच्या पाण्यात राहिला आहे. त्याच्या अंगावरचा एखादा परजीवी नदीतल्या आधीच कमी उरलेल्या लोचना संपवायला पुरेसा होईल. शिवाय दुकानातला मासा नेमक्या कुठल्या नदीतून आला हे आपल्याला ठाऊक नसते, आणि शहराखालची पंचगंगा त्याला जगू देईल अशी आज नाही. ठेवणे खरोखर अशक्य झाले तर टोळी न फोडता, तिन्ही मिळून, वाळूचा टँक असलेल्या एखाद्या पाळणाऱ्याकडे द्या.

आज संध्याकाळी कागद, स्पंज आणि टेस्ट किट एवढे करा. वाळू रविवारी.